कोणत्या सालाची रायफल

अमेरिकेत ओहायोतल्या जुन्या हत्यारांच्या एका प्रदर्शनाला मी माझी रायफल घेऊन गेलो होतो, ते केवळ एका स्प्रिंगसाठी. ती ली-एनफिल्ड जातीची. ली-एनफिल्डच्या तोंडाशी, लाकडाच्या आत एक छोटा स्टड असतो आणि त्याच्याखाली एक बारकीशी स्प्रिंग. ती बॅरलला खालून हलकासा रेटा देत राहते. माझ्या रायफलीत ती कुणीतरी कधीतरी काढली होती आणि परत बसवलीच नव्हती. एका टेबलावर फक्त ली-एनफिल्डचेच सुटे भाग मांडून एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पत्र्याच्या डब्यांत स्क्रू, दस्त्याच्या टोकाला लागणाऱ्या पितळी बटप्लेटी, कॅनव्हासचे पट्टे. त्यांनी माझी रायफल मागितली, बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारी मागची सरकती दांडी, उघडून आत बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि मग उजव्या बाजूची अक्षरं वाचली. "इशापूर, बेचाळीस." मग उलटसुलट करून पाहिली. "बॅरल नंतरचं आहे. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा, जुना नंबर खोडून नवा मारलाय. लाकूडही मूळचं नाही. हरकत नाही, होईल सगळं नीट." आणि त्यांनी विचारलं, "हिला कोणत्या सालात नेणार आहात?"

जुन्या वस्तू पूर्ववत करणाऱ्या लोकांत हा प्रश्न नेहमीचा आहे. आधी एक साल ठरवायचं. मग त्या सालाला न शोभणारं सगळं काढायचं आणि त्या सालचं शोधून बसवायचं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एका कागदावर पेन्सिलीनं यादीच करून दिली: कोणता बोल्ट शोधायचा, कोणती बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची पट्टी, वरचा काळा रंग कशानं उतरवायचा. एवढ्या आपुलकीनं कुणी अनोळखी माणसासाठी यादी करत नाही. बेचाळीस सालात कारखान्याच्या दारातून जशी बाहेर पडली तशी ती पुन्हा दिसेल, असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी स्प्रिंग घेतली, यादी खिशात ठेवली, आभार मानले आणि निघालो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं आणि मधून सरळ रस्ता. घरी पोचेपर्यंत डोक्यात तेवढंच वाक्य होतं.

बेचाळीस सालात न्यायची?

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही रायफल ओळखायला पुस्तक लागत नाही. थ्री नॉट थ्री. तालुक्याच्या कोषागाराच्या दारात, मतपेट्यांच्या ट्रकवर, रेल्वेच्या फलाटावर, गणपतीच्या बंदोबस्तात ती आपण पाहिलेली असते. पोलीस शिपायाच्या खांद्याला लटकलेली, जाड लाकडाची, तोंडाशी बोथट. बाकीच्या रायफलींची नळी लाकडाच्या पुढे निघालेली असते, हिचं लाकूड थेट तोंडापर्यंत येतं, म्हणून ती लांबूनही कळते. पण ओळख तिथंच थांबते. आपल्याकडे .३०३ हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणारं नळीचं माप. एनसीसीत गेलात किंवा खात्यात भरती झालात तरच हातात यायची, एरवी नाही. मी एनसीसीत नव्हतो. माझे बाबा वर्धा जिल्हा पोलिसांत शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. ती रायफल रोज त्यांच्या खांद्यावर असायची, आणि आमच्या घरात मात्र ती कधीच आली नाही. ड्यूटी संपली की ती कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा व्हायची. आमच्याकडे यायचा तो फक्त तिचा वास. खाकी शर्टाच्या उजव्या खांद्याला, पट्ट्याच्या जागी, तेल आणि घाम यांचा मिळून एक वास असायचा. आई तो शर्ट वेगळा भिजवायची.

लहानपणी मुख्यालयात डबा द्यायला गेलो की कधीकधी सफाईची वेळ असायची. सतरंजीवर ओळीनं बसलेले शिपाई, समोर उघडलेल्या रायफली, मधे तेलाचा डबा आणि फाडलेल्या कापडाचा ढीग. चार इंच बाय दोन इंचाची चिंदी. पुलथ्रूची दोरी, तिला सगळे फुलथ्रूच म्हणायचे, तिच्या एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाच्या फासात चिंदी. वजन मागच्या बाजूनं बॅरलमध्ये सोडायचं, तोंडातून बाहेर आलं की दोरी हाताला गुंडाळून एका दमात ओढायची. मधे थांबायचं नाही. बाबा बॅरल उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचे आणि बराच वेळ तसेच राहायचे. आत काय दिसतं ते बघायची मला फार इच्छा होती. "शिवायचं नाही," एवढंच उत्तर. त्यात राग नसायचा. ती सरकारी होती आणि बाबांच्या नावावर लिहिलेली होती, एवढंच.

इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर बऱ्याच काळानं, एका दुकानाच्या मागच्या रॅकवर मला ती दिसली. शेजारी रशियन मोसिन-नागांत, एक-दोन स्विस रायफली, आणि टोकाला ही. लष्करी साठ्यातून मोडीत काढलेल्या रायफली इथले आयातदार घाऊक विकत घेत आले आहेत, त्यांतलीच एक. बॅरलवर आयातदाराचा बारीक शिक्का होता. किंमत शेजारच्यांपेक्षा कमी. संग्राहकांत इशापूरच्या रायफलींना मान थोडा कमी. लाकूड ओबडधोबड, भाग इकडचे तिकडचे, वर काळा रंग. मी फॉर्म भरला, दुकानदारानं फोनवरून माझी पडताळणी केली आणि ती गाडीत ठेवून मी घरी आणली. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. जिला हात लावायला आख्खं लहानपण परवानगी नव्हती ती तळघरातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली माझ्याकडे होती. आनंद होताच, पण त्याच्या तळाशी काहीतरी खटकत होतं. बाबांना फोनवर सांगायला मी आठवडा लावला.

ओळख पटवणं हे माझ्या मते या छंदातलं सगळ्यात सुंदर काम. साफसफाईच्याही आधीचं. भिंग, बॅटरी, वही एवढंच घेऊन बसायचं आणि काहीही न पुसता वाचत जायचं. बटच्या, म्हणजे दस्त्याच्या, पुढे, बोल्टच्या खाली जी धातूची कॉलर असते तिच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली जी. आर. आय. ही अक्षरं, म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. त्याखाली इशापूर, मग १९४२, मग मार्क तीन आणि पुढे एक चांदणी. ही चांदणी महत्त्वाची. १९०७ च्या मूळ मार्क तीनमध्ये मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बंद ठेवायची एक पट्टी असायची, आणि लाकडाच्या डाव्या बाजूला लांब पल्ल्यासाठी वेगळी साइट असायची. पहिल्या महायुद्धात रायफली पुरेनात, तेव्हा या गोष्टी गाळून काम सोपं केलं, आणि त्या सोप्या रायफलीला ही चांदणी मिळाली. इशापूर म्हणजे बंगालमध्ये हुगळीच्या काठावरचा कारखाना, १९०४ चा. तिथं त्याआधी बंदुकीची दारू तयार होत असे. बोल्टची आणि मॅगझीनची मूळ कल्पना जेम्स पॅरिस ली यांची. ते जन्मानं स्कॉटिश, वाढले कॅनडात. बॅरलच्या आतले पाच डावखुरे आटे लंडनजवळच्या एनफिल्डच्या कारखान्यातले. म्हणून नाव ली-एनफिल्ड.

मग नंबर. एकच नंबर रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा), बॅरलच्या मागच्या जाड भागावर, बोल्टच्या दांड्यामागे, नोजकॅपवर (तोंडाशी बसणारी धातूची टोपी), बॅकसाइटच्या पानाखाली आणि फोरएंडच्या (बॅरलखालचं लांब लाकूड) टोकाशी खालून असा जागोजागी मारलेला असतो. सगळे जुळले तर संग्राहक खूश. माझ्या रायफलीत रिसीव्हर आणि नोजकॅप जुळतात. बोल्टवरचा मूळ नंबर एका रेघेनं कापलाय आणि खाली रिसीव्हरचा नंबर नव्यानं मारलाय. तो मारणाऱ्याचा हात थोडा घाईत असावा, शेवटचा आकडा तिरपा बसलाय. बॅरलवर मुकुट नाही. तिथं अशोकस्तंभाचे सिंह आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे. भिंगाखाली ते सिंह पहिल्यांदा दिसले तेव्हा मी भिंग खाली ठेवलं आणि उठून पाणी प्यायलो. एकाच वस्तूवर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, सम्राटाचा मुकुट आणि प्रजासत्ताकाचे सिंह. मधे १५ ऑगस्ट कुठं झाला त्याची काही खूण नाही. कारखाना तोच, फक्त ठसा बदलला.

फोरएंडमधून आरपार जाणारा एक आडवा स्क्रूही आहे. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरवाल्यांनी केलेली ही मजबुती. विलायती रायफलीत हा दिसत नाही. कुणी याला जोडकाम म्हणतात. मला मात्र त्यात एका मिस्त्रीचं डोकं दिसतं. दर गोळीच्या धक्क्यानं लाकूड कुठं चिरतं हे त्यानं कितीतरी फोरएंड हातात घेऊन पाहिलं असणार, आणि मग नेमकी तिथंच मेख मारली.

खोलण्याचा एक क्रम आहे आणि तो पाळावाच लागतो. बटच्या आत एक लांब बोल्ट असतो, गोळी सारणारा नव्हे, तर बट जखडून ठेवणारा स्क्रूसारखा. त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडच्या मागच्या बाजूला बसवलेल्या एका पत्रीत अडकलेलं असतं. फोरएंड न काढता बट फिरवून काढायला गेलं की ते चौकोनी टोक फिरतं आणि फोरएंडचं लाकूड मागून फाटतं. अशा फाटलेल्या फोरएंड प्रदर्शनांत ढिगानं दिसतात. म्हणून आधी नोजकॅप, मग पट्टे, मग वरचे हँडगार्ड, म्हणजे बॅरलवरची लाकडी झाकणं, मॅगझीन, ट्रिगर गार्ड, मग फोरएंड अलगद खाली, आणि सगळ्यात शेवटी बट. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसेल असाच हवा. ढिला असेल तर खाच तुटते, आणि तुटकी खाच जन्मभर दिसत राहते. बटप्लेटीतलं झाकण उघडलं तेव्हा आतून पितळी तेलबाटली निघाली, तिच्यातलं तेल मधासारखं घट्ट झालेलं. तिच्यामागे पुलथ्रू, आणि बटच्या आतल्या त्या बोल्टच्या डोक्यावर दाबून बसवलेली चामड्याची गुंडी. पुलथ्रूच्या फासात अजून एक चिंदी होती. काळी पडलेली, कडक. ती मी काढली नाही, तशीच ठेवली.

आतल्या लाकडाला घट्ट ग्रीस लागलेलं होतं, साठवणीचं. वर्षानुवर्षं मुरलेलं. ते उन्हात ठेवलं की लाकूड घामेजतं आणि पुसत राहावं लागतं. पुसलं की थांबतं, मग पुन्हा येतं. घाई करून ओव्हनमध्ये तापवणारे, पट्टी सॅंडर लावणारे लोक आहेत. मला ते बघवत नाही. सॅंडपेपरचा एक हात फिरला की लाकडावरचे ठसे जातात, कडा गोल होतात, आणि धातूच्या पृष्ठभागापेक्षा लाकूड खाली बसतं. मग कितीही पॉलिश करा, ती रायफल खोटी वाटते. दबलेली जागा वर आणायची असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफेनं लाकडाचे तंतू फुगून वर येतात. माझ्या रायफलीच्या बटची टाच झिजलेली आहे, एका बाजूनं जास्त. ती मी वर आणली नाही. ती झीज कवायतीची आहे. बाजू शस्त्र, सावधान, विश्राम. प्रत्येक वेळी बट जमिनीवर टेकतो. किती मैदानांवर, किती सकाळी.

लाकडाला तेल कच्च्या जवसाचं. ब्रिटिश फौजेनं तेच ठरवलेलं होतं, आणि आमच्या मुख्यालयातही अळशीचाच डबा असायचा. विदर्भातल्या माणसाला याहून घरचं तेल दुसरं सांगता येणार नाही. आजीच्या शेतात रब्बीला जवसाच्या ओळी असायच्या. निळी फुलं सकाळी उघडायची आणि उन्ह चढलं की गळून पडायची. घाण्यावरून आणलेल्या तेलाचा उग्र वास, भाजलेल्या जवसाची चटणी, ज्वारीची भाकर. इथं ओहायोत रंगाच्या दुकानात जवसाचं तेल डब्यात मिळतं. झाकण उघडलं आणि मी तळघरात उभा असून आर्वीकडच्या आजीच्या ओसरीत होतो. तेल तळहातावर थोडंसं घ्यायचं आणि हातानंच चोळायचं, हात गरम होईपर्यंत. मग उरलेलं कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसायचं आणि वाट बघायची. एका दिवशी एकच हात. फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाच्या तेलाचा बोळा वाळताना स्वतःच तापतो आणि पेट घेऊ शकतो. ती पाण्यात भिजवावी किंवा बाहेर दोरीवर सुटी पसरावी. बायको म्हणाली, "काय वाळत घातलंय हे?" मी म्हणालो, "चिंद्या." तिला हसू आलं. तिचेही वडील खात्यात होते.

माझी आजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या बाजूची. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. आष्टीत आणि तिकडे चिमूरला त्या दिवशी लोक झेंडा घेऊन निघाले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं पडली, आणि मग जमाव उलटून पोलिसांवर चालून गेला. तिथं पोलीसही मेले. आजी तेव्हा लहान होती. नागपंचमीला आमच्या घरी चुलीवर तवा ठेवत नाहीत, चिरत-कापत नाहीत, हे सगळीकडचंच. पण आजी त्या दिवशी दुपारी अंगणाचं दार लावून घ्यायची. का, ते तिनं फार उशिरा सांगितलं. "आवाज यायचा," म्हणाली, "खूप दूरचा. पण कळायचं." तिच्याच जावयानं पुढे खाकी घातली. जावई म्हणून तिनं बाबांचं कधी काही उणं केलं नाही. मात्र बाबा वर्दीत आले की ती त्यांना ओसरीवर पाणी द्यायची, आणि कपडे बदलून आले की घरात जेवायला वाढायची. यावर आमच्या घरात कुणीच कधी बोललं नाही. बाबांनीही नाही.

तर १९४२. त्याच साली हुगळीच्या काठावर ही रायफल घडत होती. तसल्या रायफली घेऊन आपल्या गावागावांतली पोरं इटलीत, ब्रह्मदेशात गेली. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे बावीस वर्षांचे होते. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात, सगळे सोबती पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. टॉमीगन भरायला वेळ नव्हता, तर तिच्या दस्त्यानं लढले, आणि तिथंच मारले गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच राजाच्या नावानं, ज्याची अक्षरं माझ्या रायफलीवर आहेत. आणि याच जातीच्या रायफलींनी १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत १६५० गोळ्या झाडल्या. झाडणारे हात हिंदुस्तानातल्या पलटणींतलेच होते, आणि फैरी मोजून ठेवल्या होत्या. भिंगाखाली मुकुट बघताना हे सगळं एकदम समोर येतं. मी ते बाजूला सारू शकत नाही आणि सारायचंही नाही. तेल लावताना हात थांबतो आणि पुन्हा चालू होतो.

म्हणून त्या गृहस्थांची यादी माझ्या गळी उतरत नव्हती. बेचाळीस सालात न्यायची म्हणजे सिंहांचं बॅरल काढून मुकुटाचं बॅरल शोधायचं. बोल्टवरचा तो तिरपा आकडा काढून टाकायचा. आडव्या स्क्रूचं लाकूड बदलून चोख जुळणारं लाकूड बसवायचं. म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं सगळं आयुष्य उतरवून तिला पुन्हा साम्राज्याची करायची, आणि वर मूळ म्हणायचं. उलट दिशेनं विचार केला, सिंहांचं साल धरायचं, मुकुट झाकायचा, तर तेही मला पटेना. आष्टीची दुपार झाकून काय मिळवायचं? मग तिसरा विचार आला: बाबांचं साल. १९८० नंतरचा काळ, वर काळा रंग, कॅनव्हासचा पट्टा, जशी मी मुख्यालयात पाहिली तशी. हा विचार सगळ्यात गोड होता आणि म्हणूनच मी त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवला. ही रायफल बाबांची नाही. बाबांच्या रायफलीचा नंबर त्यांना अजून पाठ आहे आणि तो हा नाही.

तोपर्यंत मी धातूच्या कामाला लागलो होतो. काळा रंग काही ठिकाणी उडून खाली गंज धरत होता. तिथं पातळ तेल सोडून रात्रभर ठेवायचं आणि अगदी बारीक स्टील वूलनं, चार शून्यांच्या, हलक्या हातानं तेवढाच गंज काढायचा. रंग घट्ट बसलाय तिथं हात लावायचा नाही. पॉलिशचं चाक तर जवळही आणायचं नाही, ठशांच्या कडा त्यात विरघळतात. बॅरलच्या आत मागच्या भागात बारीक खड्डे आहेत. ते जुन्या काडतुसांचे. त्या काळी काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की मागे मीठ उरतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून पोलाद खातं. नुसत्या तेलानं ते जात नाही. आधी बॅरलमधून उकळतं पाणी ओतावं लागतं, मग कोरडी चिंदी, मग तेलाची. पाण्यानं लोखंड गंजतं हे आपण लहानपणापासून ऐकतो, इथं मात्र पाणीच लोखंड वाचवतं. ज्यांनी कंटाळा केला त्यांच्या रायफलींना आत खड्डे पडले. माझ्या रायफलीनं असे कंटाळलेले आणि न कंटाळलेले, दोन्ही हात पाहिलेत.

एका प्रदर्शनात मला एक जुनं रिकामं काडतूस मिळालं. बुडाला के आणि एफ, मधे बाण. खडकी. मी पुण्यात शिकत असताना त्या दारूगोळा कारखान्याच्या लांबच लांब भिंतीकडेनं सायकलनं जायचो. १८६९ पासूनचा तो कारखाना. आत काय होतं ते बाहेरच्याला कळत नाही, पाळी सुटल्याचा भोंगा मात्र सगळ्यांना ऐकू येतो. तिथलं पितळ फिरत फिरत इथवर आलं. जुन्या काडतुसांत कॉर्डाइट ही दारू असायची, शेवयांसारख्या पिवळसर काड्यांची. मी स्वतः जुनं काडतूस वापरत नाही. नवं, मीठ न सोडणारं मिळतं. त्याआधी एका जाणकार आर्मररकडून, म्हणजे हत्यारांच्या मिस्त्रीकडून, हेडस्पेस तपासून घेतली. बोल्ट बंद झाल्यावर त्याचा चेहरा आणि बॅरलची मागची कड यांत किती जागा उरते, ते पोलादी गेज घालून बघतात. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असल्यामुळे मला धाकधूक होती. बंद झाला आणि नाही झाला, जिथं जसं हवं तसं. तिरपा आकडा मारणाऱ्या त्या माणसानं ठसा घाईत मारला असेल, जोडणी मात्र बिनचूक केली होती. त्याचं नाव कळायला मार्ग नाही. त्या दिवशी मला तो फार जवळचा वाटला.

आणि तिथंच माझं ठरलं. बोल्ट बदलायचा नाही. ज्यानं तो बसवला त्याचं काम मी उतरवणार नाही. बॅरल तेच, सिंह तसेच, मुकुट तसाच, काळा रंग जिथं टिकलाय तिथं तसाच. मी फक्त गंज थांबवणार आणि लाकडाला तेल देणार. स्प्रिंग बसवली, कारण ती नसल्यानं बॅरल हलत होतं. मागच्या हँडगार्डचा एक कान तुटलेला आहे. ते कान फार पातळ असतात, बहुतेक रायफलींचे तुटतातच. तो मी तुटकाच ठेवलाय. वहीत प्रत्येक गोष्ट लिहितो: काय होतं, मी काय केलं, कशानं केलं. पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला माझं काम आवडलं नाही तर ते काढता यावं, म्हणून व्हार्निश नाही, डिंक नाही, नवा रंग नाही. संग्राहकांच्या हिशेबानं हिची किंमत यामुळे वाढणार नाही. माझ्यापुरता तो हिशेब संपलाय.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की इथल्या कायद्यानं व्हिसावर आलेल्या पाहुण्याला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक ताब्यात घेता येत नाही. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. आख्खी नोकरी जिच्या वजनाखाली गेली तिला आता मुलाच्या घरात हात लावायचा नाही. बाबा म्हणाले, "बरोबर आहे. दुसऱ्याच्या नावावरचं हत्यार आपण कशाला घ्यायचं?" आई तळघरात आलीच नाही. बाबांनी खुर्ची ओढली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "खोल."

मी बोल्ट काढला. त्यांनी तो तिरपा आकडा बघितला, सिंह बघितले, मुकुट जरा जास्त वेळ बघितला. बटची झिजलेली टाच त्यांना दाखवली तेव्हा म्हणाले, "ही डावीकडून झिजली. कोणीतरी उंच माणूस असंल, वाकडी टेकवायचा." आजीच्या दाराबद्दल मी तेव्हाच विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "ओसरीवर पाणी द्यायची ना, तेही मला बरोबरच वाटायचं. वर्दीवर मी एकटा नव्हतो." आणि लगेच, "उजेडाकडे धर."

मी बॅरल खिडकीकडे धरलं. ते वाकले, एक डोळा मिटला, पाठीमागच्या टोकाजवळ चेहरा आणला, हात मांडीवरच. म्हणाले, "मागं खड्डे आहेत. ते राहू दे, ते जुने. पण पुढं तोंडाशी मळ दिसतो. तेल जास्त टाकलं तू. कोरडी चिंदी घे आणि एका दमात ओढ."